गाडी कंपनीची, कंबर आपली

माझे मोठे भाई औषध कंपनीत एरिया मॅनेजर झाले, तेव्हा आमच्या माहेरी चिपळूणला पेढे वाटले गेले. दहा वर्षे मोटारसायकलला बॅग बांधून दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला कंपनी चारचाकी देणार होती. कंपनीने तीन गाड्यांची यादी पाठवली. तिन्हींची किंमत जवळपास सारखी, मुदत चार वर्षांची. त्यातली कोणती हवी, एवढेच भाईंनी कळवायचे होते.

रात्री दस्तरखानावर ती यादी सगळ्यांच्या हातातून फिरली. भाच्याला सनरूफ, म्हणजे छताला काच असलेली गाडी हवी होती. भाभींना पांढरा रंग हवा होता. मी डिकी केवढी आहे ते विचारले, कारण मे महिन्यात आंब्याच्या पेट्या न्यायच्या असतात. अब्बांनी एकच प्रश्न केला, "बसून पाहिलंस का?"

भाई हसले. "अब्बा, नवी कोरी गाडी आहे. बसायला काय बघायचं?"

सनरूफवाली पांढरी गाडी दारात आली. शेजारपाजारचे बघून गेले. आम्हीही दोन वेळा गुहागरला जाऊन आलो. सगळे खूश होतो.

आठ महिन्यांनी रमजानमध्ये मी माहेरी इफ्तारला गेले होते. पुरुषांनी मगरिबची नमाज घरीच पढली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या अब्बांनी जमिनीवर मुसल्ला अंथरला आणि शेजारी भाईंनी खुर्ची ओढली. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "कंबर आहे जरा." भाभी स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "जरा नाही, तीन महिने झाले. डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ जाते. गाडीतून उतरताना दाराला धरून उभे राहतात, मग पाऊल टाकतात. कुणाला सांगू देत नाहीत."

डॉक्टरांनी तपासून सांगितले, कण्यातली चकती सरकून नसेवर दाब आला आहे. तीन आठवडे गाडी बंद. डॉक्टरांनी हेही सांगितले की सगळा दोष या गाडीला देऊ नका. आधीची दहा वर्षे मोटारसायकलवर खड्डे खाल्लेत, त्याचाही वाटा आहे. ते खरेच आहे. पण ज्या आठ महिन्यांत आराम मिळायला हवा होता, त्याच आठ महिन्यांत दुखणे वाढले. असे का झाले, हे समजून घ्यावे असे मला वाटले. आपल्या समाजात कितीतरी घरांची रोजी गाडीच्या चाकावर चालते. कुणी टॅक्सी चालवतो, कुणी टेम्पो, कुणी विक्री प्रतिनिधी म्हणून जिल्हा पालथा घालतो. म्हणून हे लिहीत आहे.

अब्बांची टॅक्सी

अब्बांनी मुंबईत अठ्ठावीस वर्षे टॅक्सी चालवली. गाडी अर्थातच प्रीमिअर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. त्या बातमीच्या दिवशी अब्बा बराच वेळ पेपर हातात धरून बसले होते.

पुढे बाकासारखी एकसंध सीट, गिअरचा दांडा स्टेअरिंगला, एसी नाही, कमरेला आधार नाही. आजच्या गाडीशी तुलनाच नको. मग अब्बांची कंबर कशी टिकली? मी विचारले. ते म्हणाले, "एक तर मी सीटची गादी दर वर्षी गादीवाल्याकडून भरून घ्यायचो. बसली की आपण खोल जातो आणि पाठीचा धनुष्य होतो. दुसरं, कमरेमागे चादरीची घडी असायची. तिसरं, गिऱ्हाईक उतरलं की स्टँडवर मीही उतरायचो. चार पावलं चालायचो, चहा घ्यायचो. सलग बसलोच नाही कधी."

मग थांबून म्हणाले, "सगळ्यांचं असं झालं नाही. माझ्याबरोबरचे निम्मे कमरेनं गेले. मला अल्लाहनं वाचवलं, आणि थोडं त्या घडीनं."

बसणे म्हणजे आराम नव्हे

आपण समजतो, उभे राहणे म्हणजे कष्ट आणि बसणे म्हणजे आराम. कण्याच्या बाबतीत हे तितकेसे खरे नाही. पाठीला आधार नसताना वाकून बसले की कमरेच्या चकत्यांवर मोठा ताण येतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९७० च्या दशकात मोटारीच्या सीटवर बसलेल्या माणसांच्या चकत्यांमधला दाब प्रत्यक्ष मोजला होता. सीटची पाठ थोडी मागे कलती ठेवली आणि कमरेच्या खोलगट भागाला आधार दिला की तो दाब कमी होतो, असे त्यांना दिसले. अब्बांची चादरीची घडी हेच काम करत होती.

त्यात गाडी म्हणजे नुसती खुर्ची नाही, ती हलते. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा येणारे वर-खाली हादरे सर्वांत जास्त जाणवतात. खडबडीत रस्त्यावर धावणाऱ्या वाहनात नेमके याच्या आसपासचे हादरे येत राहतात. आमच्या मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून वळणरस्ते, खड्डे आणि उखडलेली खडी यांतून कोकणातल्या माणसाने किती हादरे पचवले असतील, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

आणि हात-पाय मोकळे नसतात. घरच्या खुर्चीत आपण नकळत कूस बदलतो. चालकाचा एक पाय ॲक्सिलरेटरवर, दुसरा क्लचवर, हात स्टेअरिंगवर. शरीर जणू जागेवर बांधलेले असते.

भाईंच्या गाडीत काय चुकले

तीन आठवड्यांनी फिजिओथेरपी सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी त्या बाईंनी सांगितले, "उद्या गाडी घेऊन या. मला तुम्हाला गाडीत बसलेले बघायचे आहे." भाभी सोबत होत्या, त्यांनी सगळे मला सांगितले.

पहिली गोष्ट, भाईंची उंची पाच फूट अकरा इंच. सनरूफची चौकट आणि सरकणारी काच छताच्या आतली काही जागा खाते. डोके छताला लागू नये म्हणून भाई नकळत खाली घसरून बसत होते. कमरेमागे सगळी पोकळी. ज्या काचेसाठी ती गाडी घेतली, तीच त्यांना वाकवत होती.

दुसरी गोष्ट, चालकाची सीट वर-खाली करायची सोय त्या गाडीत नव्हती. गुडघे वर आणि बैठक खाली अशी त्यांची बसण्याची तऱ्हा झाली होती. तिसरी, स्टेअरिंग फक्त वर-खाली होत होते, पुढे-मागे नाही. पाय पसरायला सीट मागे घेतली की हात ताणले जायचे आणि खांदे सीटपासून सुटायचे. चौथी गोष्ट, परशुराम घाटातल्या आणि कशेडी घाटातल्या गर्दीत डाव्या पायाने दिवसभर क्लच. आणि पाचवी गोष्ट तर गाडीची नव्हतीच. मागच्या खिशातले जाडजूड पाकीट! त्यावर तासन्‌तास बसल्याने एक बाजू उचलली जाते, कणा तिरपा होतो आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवरही दाब येतो.

यादीतल्या दुसऱ्या गाडीला सनरूफ नव्हते. पण तिची सीट वर-खाली होत होती आणि गिअर ऑटोमॅटिक होते. किंमत तीच. आम्ही ती यादी सगळ्यांनी वाचली होती, पण जो दिवसातले सात-आठ तास त्या सीटवर बसणार होता, त्याच्या शरीराचा विचार कुणी केला नव्हता. माझ्याही डोक्यात डिकीच होती.

निवडताना काय पाहावे

वाचकहो, तुमच्या घरात कुणाला कंपनीची गाडी मिळणार असेल, किंवा कामासाठी स्वतःची घ्यायची असेल, तर या गोष्टी जरूर पाहा.

जे मॉडेल मिळणार, त्याचाच प्रकार चालवून पाहा. शोरूममध्ये सर्वांत महाग प्रकार उभा असतो. कामासाठी मिळणाऱ्या स्वस्त प्रकारात सीटची उंची बदलण्यासारख्या सोयी बहुधा गाळलेल्या असतात. पाच मिनिटांची चक्कर पुरेशी नाही. अर्धा तास तरी चालवा, खराब रस्त्यावर न्या, कामावर घालता तेच बूट घाला.

बसल्यावर पाहा: बैठक गुडघ्यांच्या पातळीला किंवा किंचित वर आहे का? सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहते का? क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहतो का? खांदे सीटला टेकलेले असताना हात लांब केला, तर मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर पोहोचते का? डोके आणि छत यांत मूठभर जागा आहे का? हेडरेस्टचा वरचा भाग डोक्याच्या वरच्या भागाइतका उंच येतो का?

एकाला सोयीची गाडी दुसऱ्याला सोयीची असेलच असे नाही. मी पाच फूट एक इंच. भाईंच्या गाडीत मी बसले, तर मला बॉनेटच दिसेना. पुढे सरकले तर छाती स्टेअरिंगला लागायला आली. एअरबॅग असलेल्या गाडीत छाती आणि स्टेअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवे. म्हणून कामासाठी गाडी चालवणाऱ्या बहिणींनी तर सीटची उंची बदलण्याची सोय आधी पाहावी, रंग नंतर.

गाडी आधीच दारात असेल तर? भाईंची तशीच स्थिती आहे. मुदत संपेपर्यंत ती बदलून मिळणार नाही. मग बाईंनी उपाय सांगितले. मागच्या बाजूला जाड आणि पुढे पातळ अशी उताराची गादी बैठकीखाली घातली. डोक्याची जागा कमी होऊ नये म्हणून ती पातळच निवडली. कमरेमागे टॉवेलची गुंडाळी आली. सीटची पाठ अगदी काटकोनात नाही आणि आरामखुर्चीसारखीही नाही, किंचित कलती ठेवली. पाकीट पुढच्या कप्प्यात गेले. टायरमधली हवा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेली असते तितकीच, टायर थंड असताना भरायची. जास्त भरली की प्रत्येक खड्डा थेट कमरेत येतो. आणि दर दीड तासाने गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटे चालायचे. यातले सीटबाहेरचे औषध हेच, आणि ते फुकट आहे.

रस्त्यावर चालक, कागदावर साहेब

देशात १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. त्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती असे लिहिले होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनमध्ये एसी असलाच पाहिजे, असाही नियम आला. चांगलेच झाले. ट्रकवाला माणूस आहे, हे कुणीतरी मानले.

पण भाईंसारखा माणूस कोणत्या रकान्यात बसतो? तो रोज दीडशे-दोनशे किलोमीटर गाडी चालवतो, पण कंपनीच्या कागदावर तो चालक नाही, मॅनेजर आहे. गाडी चालवणे हे त्याचे काम धरलेच जात नाही. काम म्हणजे डॉक्टरांची भेट. मधले तास कुणाच्या हिशेबात नाहीत. म्हणून त्याच्या विश्रांतीची फिकीर त्याला स्वतःलाच करावी लागते, किंवा घरच्यांना.

आणि इथेच आपण कमी पडतो. पुरुषाने कंबर दुखते म्हणणे आपल्याकडे कमीपणाचे मानतात. सब्र करणे आणि दुखणे लपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाईंनी तीन महिने लपवले, कारण त्यांना वाटले, एवढी चांगली गाडी मिळाली आणि आता तक्रार केली तर लोक काय म्हणतील, कंपनी काय म्हणेल. शेवटी त्यांनी कार्यालयाला पत्र लिहिले: पुढच्या यादीत उंची बदलणारी सीट असलेल्याच गाड्या ठेवाव्यात. विचार करू, असे उत्तर आले. भाईंच्या हाताखालच्या दोन मुलांनी मात्र लगेच फोन करून सांगितले, "सर, आमचंही दुखतं. आम्ही बोललो नव्हतो."

गेल्या रविवारी मी माहेरी होते. जोहरला भाईंनी मुसल्ला जमिनीवर अंथरला. रत्नागिरीचा दौरा असतो त्या दिवशी अजून खुर्ची लागते, पण रविवारी नाही. सजद्यातून उठायला त्यांना वेळ लागला. अब्बा सलाम फेरून शांत बसून होते.

पुढची यादी यायला अजून बराच अवकाश आहे. भाच्याने आत्ताच जाहीर केले आहे, "यावेळी आधी पप्पा बसून बघतील, मग आम्ही रंग सांगू." अब्बा म्हणाले, "आणि पप्पांबरोबर मी जाईन. गादी दाबून बघायला."