खत आणि खतावणी

छत्तीस वर्षे बँकेत काढल्यावर माणसाला दोन दुखणी जडतात. एक पाठीचे आणि दुसरे, दिसेल त्या गोष्टीचा जमाखर्च लिहून ठेवण्याचे. पहिल्यावर मलमे मिळतात, दुसऱ्यावर औषध नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर मी एक दोनशे पानी वही घेऊन घरातल्या कचऱ्याचा हिशेब लिहायला बसलो, तेव्हा आमच्या सौ.ला फारसे आश्चर्य वाटले नाही. "सध्या कादंबरी सुचत नाही वाटतं?" एवढेच तिने विचारले.

कादंबरी खरोखरच सुचत नव्हती. पण या वहीमागे एक जुनी गोष्ट होती.

नव्वदचे दशक संपत आले होते. मी पुण्यातल्या एका शाखेत होतो. आमचा शिपाई रोज संध्याकाळी घरी निघताना ऑफिसातल्या पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन भरून सायकलच्या मागे बांधायचा. तो शहराच्या पूर्वेकडून, उरुळी-फुरसुंगीच्या बाजूने यायचा. एकदा मी थट्टेने म्हणालो, "का रे, गावाकडची विहीर आटली का?" तो शांतपणे म्हणाला, "विहिरीला पाणी आहे साहेब. पण तुम्ही शहरातली माणसं जे टाकता, ते पाऊस पडला की पाझरून आमच्या विहिरीत उतरतं. पाणी दिसतं, पण तोंडात घेववत नाही."

मी काही बोललो नाही. जेवण झाल्यावर हातातली केळ्याची साल टोपलीत टाकताना मात्र हात क्षणभर अडखळला. टाकली अर्थात टोपलीतच. पुढची वीस वर्षेही टाकत राहिलो. त्या काळात पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात जात राहिला, तिथल्या गावकऱ्यांनी अनेकदा गाड्या अडवल्या. त्या बातम्या मी सकाळच्या चहाबरोबर वाचल्या आणि रद्दीत टाकल्या.

निवृत्त झाल्यावर सवड मिळाली आणि ती साल पुन्हा आठवली. बाजारातून एक ताणकाटा आणला आणि महिनाभर स्वयंपाकघरातला ओला कचरा रोज तोलला. आम्ही दोघेच माणसे. भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, देवावरचे निर्माल्य. महिन्याची बेरीज अठरा किलो! सौ.ने आकडा दोनदा तपासला. मग म्हणाली, "लिहून काय होणार? जिरवा की घरातच."

तेव्हा जिरवायचे ठरले. बाल्कनीत एक जुना माठ होता. त्याला भोके पाडली आणि मोठ्या उत्साहाने रोजचा कचरा त्यात कोंबू लागलो. दहाव्या दिवशी माठाला असा वास सुटला की खालच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीच्या बैठकीत विषयच मांडला. एके काळी कर्जमंजुरीच्या बैठका चालवलेला मी, त्या दिवशी चिलटांबद्दल खुलासा देत उभा होतो.

मला सोडवले ते आमच्याकडे सुका कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी. पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली आणि पुढे त्यांच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. त्या संस्थेच्या या ताई. त्यांनी माठात डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, "काका, नुसतं ओलं ओलं कोंबलंय तुमी. वाळका पाला घाला की. जीव गुदमरलाय त्याचा."

सगळे शास्त्र त्या एका वाक्यात आले. कचरा कुजवतात ते डोळ्यांना न दिसणारे जीव, आणि त्यांनाही हवा लागते. हवा मिळाली तर साल माती होते. हवा कोंडली तर दुसऱ्याच जातीचे जीव कामाला लागतात. मग दुर्गंधी सुटते, मिथेन वायू तयार होतो, आणि काळे पाणी पाझरते. आमच्या माठात जे दहा दिवसांत झाले, तेच डोंगराएवढ्या ढिगात वर्षानुवर्षे होते. मिथेन पेटतो आणि काळे पाणी विहिरीकडे जाते.

आता आमची पद्धत अशी आहे. भोके असलेल्या कुंडीच्या तळाशी नारळाच्या शेंड्यांचा थर. त्यावर रोजचा ओला कचरा बारीक चिरून, आणि जेवढा ओला तेवढाच, किंबहुना थोडा जास्त, वाळका पाला. सुरुवातीला मूठभर जुने खत किंवा वाटीभर आंबट ताक शिंपडायचे. आठवड्यातून एकदा खुरप्याने खालीवर करायचे. ओल किती असावी? मूठभर घेऊन दाबले तर पिळलेल्या फडक्यासारखे लागावे, पाणी गळू नये. तेलकट आणि मांसाहारी उष्टे नवशिक्याने घालू नये. दोन-तीन महिन्यांत कुंडीतला माल निम्म्याहून खाली बसतो, आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो.

सुट्टीत नात आली होती. तिने झाकण काढून आत हात घातला आणि ओरडली, "आजोबा, हे गरम आहे! शेगडी ठेवलीय का आत?" ते जीव काम करत असले की ऊब सुटते, हे मी तिला सांगितले. ती रोज सकाळी दात घासायच्या आधी कुंडीचा 'ताप' पाहायला जाऊ लागली.

पहिल्या तीन महिन्यांत वहीच्या डाव्या पानावर चोपन्न किलो कचरा जमा झाला आणि उजव्या पानावर अकरा किलो खत. ते गच्चीतल्या कुंड्यांना घातले. त्यात न लावलेले टोमॅटो उगवले, आणि एका कोपऱ्यातून लाल भोपळ्याचा वेल निघाला. मी तो उपटणार होतो. सौ. म्हणाली, "राहू द्या, आलेल्या पाहुण्याला असं घालवू नये." वेलाने तीन भोपळे दिले. त्यातल्या एकाची घारगे करून तिने सोसायटीत वाटली. खालच्या मजल्यावरही डबा गेला. डबा परत आला तो एका प्रश्नासह: "ती कुंडी कशी भरायची हो?"

गच्चीवर पीक घेण्यात नवे काही नाही, हे मला नंतर कळले. कोल्हापूरकडच्या श्री. अ. दाभोलकरांनी आपल्या 'प्रयोग परिवारा'तून ही विद्या कितीतरी आधी घरोघर नेली होती. ते गणिताचे प्राध्यापक. हिशेबी माणसेच मातीकडे वळतात, असा निष्कर्ष मी काढला आहे, आणि सौ.ला तो मान्य नाही.

वहीची चटक लागली, तशी आणखी खाती उघडली. जिन्यातला साठ वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला नऊ युनिट खातो. नऊ वॅटचा एलईडी तेवढ्याच वेळात दीड युनिटही घेत नाही. मोरीतला नळ टपकत होता, त्याखाली रात्री बादली ठेवली तर सकाळी ती अर्धी भरलेली. प्लंबरने एक वायसर बदलला आणि काम झाले. यातल्या कशासाठीही आम्हाला काही सोडावे लागले नाही. उलट, संध्याकाळी वही उघडून आकडे कमी झालेले पाहण्यात शब्दकोडे सुटल्याचा आनंद आहे.

गेल्या दिवाळीत पिशवीभर खत आणि एक भोपळा घेऊन मी त्या शिपायाकडे गेलो. तोही आता निवृत्त. पिण्याचे पाणी अजून विकतच आणतो. त्याने खत तळहातावर घेतले, वास घेतला आणि विचारले, "किती कचरा जिरवला साहेब?"

"पाच वर्षांत हजार किलोंच्या वर."

"म्हणजे आमच्या बाजूला एक बैलगाडी कमी आली म्हणायची." तो हसला. मग म्हणाला, "तुमच्या सोसायटीत बिऱ्हाडं किती?"

"बत्तीस."

"मग बाकीच्या एकतीस गाड्या?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. घरी येऊन वहीत नवे पान काढले आणि त्यावर बत्तीस ओळी आखल्या. त्यातल्या बारा ओळींवर आज बरोबरची खूण आहे. वीस येणे बाकी आहेत.

आज रविवार. दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी पहिली कुंडी भरायची आहे. पाल्याचे पोते जिन्यात आणून ठेवले आहे.