पंधरा वर्षांची मोटार आणि भंगाराची आवई

जुनी मोटार विकत घ्यावी, बेताच्या खर्चात तिची डागडुजी करावी आणि ती निर्धास्तपणे वापरावी, असा विचार एखाद्या मध्यमवर्गीय गृहस्थाने चारचौघांत बोलून दाखविला की, इंजिन कसे आहे, पत्रा सडला आहे काय, कागदपत्रे कोणाच्या नावे आहेत, यांपैकी एकही प्रश्न न विचारता मंडळींतला कोणी तरी सर्वज्ञ हमखास उद्गारतो, "अहो, पंधरा वर्षे झाली की सरकार गाडी भंगारात घालते, कशाला पैसे पाण्यात घालता?" हे विधान पेट्रोल पंपावर आणि लग्नाच्या पंगतीत इतक्या निःशंक स्वरात केले जाते की, ऐकणाऱ्याला कायदा उघडून पाहण्याची बुद्धीच होत नाही, आणि या आळसाचा लाभ जुन्या गाड्यांच्या दलालाला मिळतो, कारण चौदाव्या वर्षी घाबरून मातीमोल भावाने दिलेली धडधाकट गाडी तोच पुढे पासिंग करून घेऊन चढ्या दराने विकतो.

कायदा काय म्हणतो ते एकदा स्वच्छ सांगितले पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ अन्वये खाजगी मोटारीच्या नोंदणीची मुदत पंधरा वर्षे असते, आणि ती मुदत संपल्यावर त्याच कलमान्वये नोंदणीचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. नमुना २५ मधला अर्ज, चालू विमा, पीयूसी आणि पर्यावरण कर भरल्याची पावती घेऊन गाडी परिवहन कार्यालयात हजर करावी, मोटार वाहन निरीक्षकाने ती तपासावी आणि रस्त्यावर चालविण्याजोगी आढळल्यास पुढील पाच वर्षांची नोंद करून द्यावी, इतकाच हा मामला आहे. पंधरा वर्षांनंतर जे संपते ते कागदाचे आयुष्य होय, गाडीचे नव्हे. आणि महाराष्ट्रात तरी खाजगी मोटारीला केवळ वयाच्या कारणावरून रस्ता बंद करणारा हुकूम नाही.

मग ही आवई आली कोठून? तिला तीन उगम आहेत, आणि तिन्ही आपापल्या जागी खरे असल्यामुळेच तिचे निर्मूलन इतके अवघड झाले आहे. पहिला उगम दिल्लीचा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ आणि २०१५ साली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी, दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मनाई केली ती राजधानीच्या प्रदूषित हवेपायी आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरती. त्या आदेशाची हद्द सांगली-सोलापूरपर्यंत कोणी नेली असेल तर ती वर्तमानपत्राचा मथळा वाचून मजकूर सोडून देणाऱ्या वाचकानेच. दुसरा उगम सरकारी गाड्यांचा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी व निमसरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले, हे सत्य आहे. पण आपली गाडी तहसील कचेरीची नसेल तर या नियमाशी आपला संबंध काय? तिसरा उगम मुंबईच्या टॅक्सीचा. प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली होती, मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा अंमल संपला. त्या वेळी छापून आलेले निरोपाचे लेख वाचून अनेकांनी पद्मिनीवरच बंदी आली असा समज करून घेतला. वस्तुतः ती मर्यादा परवान्यावर चालणाऱ्या टॅक्सीला होती, आणि खाजगी नोंदणीची पद्मिनी, तिची तब्येत ठीक असेल तर, आजही रीतसर पासिंग होऊन रस्त्यावर येऊ शकते.

२०२१ साली जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाचाही असाच विपर्यास झाला आहे. जुनी गाडी अधिकृत केंद्रावर मोडीत दिली तर मालकाला प्रमाणपत्र आणि नव्या गाडीवर सवलत मिळावी, अशी ती तजवीज आहे. तीत खाजगी मालकावर निव्वळ वयासाठी सक्ती नाही. सरकारने वाढविला आहे तो खर्च, आणि तो मात्र अंदाजपत्रकात मांडलाच पाहिजे. मोटारीच्या नूतनीकरणाची फी पूर्वी ६०० रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरील मोटारीस १०,००० रुपये पडतात. आणि मुदत उलटून गेल्यास दर महिन्याला ५०० रुपये जादा. पर्यावरण कर वेगळा. स्वस्तात मिळालेल्या गाडीची नोंदणी दोन वर्षांपूर्वीच संपलेली निघाली तर ती स्वस्ताई कोठे जाते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

तेव्हा प्रश्न वयाचा नसून अवस्थेचा आहे, हे एकदा मान्य केले की, थोडा पैसा कोठे घालावा याचेही उत्तर आपोआप मिळते: निरीक्षक जेथे पाहतो तेथे. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे, धूर आणि पत्र्याचा सांगाडा, हा क्रम. दुर्दैवाने आपल्याकडे जुनी गाडी घरी आली की पहिली रक्कम सीट कव्हरांना, दुसरी म्युझिक सिस्टिमला आणि उरलीसुरली गॅरेजवाल्याला, असा शिरस्ता पडला आहे. ब्रेक ऑइलचेच उदाहरण घ्या. बॉनेट उघडून ती लहानशी पांढरी टाकी पाहिली तर जुन्या गाडीत आत बहुधा काळपट चहासारखा द्रव दिसतो, आणि मेकॅनिक पातळी ठीक आहे म्हणून झाकण लावून टाकतो. पण हा द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू प्रमाणाप्रमाणे किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, आणि पाणी मुरल्यावर त्याच प्रमाणात तो १४० अंशांपर्यंत घसरलेला धरला जातो; आंबोलीचा किंवा कुंभार्लीचा घाट उतरताना सतत दाबलेल्या ब्रेकच्या उष्णतेने हे ऑइल उकळते, नळीत वाफ होते आणि पेडल तळाला जाते. काही शे रुपयांत दर दोन वर्षांनी ते बदलता येते. टायरचेही तसेच: नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला, असे मानणाऱ्याने टायरच्या कडेवरील चार आकडे वाचावेत; २३१६ म्हणजे २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील उत्पादन, आणि उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर नक्षीच्या आधी म्हातारे होते.

दुसरा मोठा गैरसमज हौशी तरुणांचा: गाडी माझी, पैसा माझा, मी तिच्यात हवा तो बदल करीन. कलम ५२ असे म्हणत नाही. निर्मात्याने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी स्पष्ट केले आहे. आणि कलम १८२-अ अन्वये बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसविण्यास मुभा आहे, मात्र त्याची आरसी बुकात नोंद हवी. रंग बदलला तर तोही कळवून नोंदवून घ्यावा लागतो. आणि न नोंदविलेला बदल अपघातानंतर विमा कंपनीच्या हाती दावा नाकारण्याचे आयते निमित्त देतो.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी गणित बाजूला ठेवता येत नाही. जुन्या आल्टोला १४५/८० आर १२ मापाचा टायर येतो. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ५३७ मिलिमीटर. रुबाबासाठी त्या जागी १६५/७० आर १४ बसविला तर व्यास ५८७ होतो, म्हणजे नऊ टक्क्यांहून अधिक. स्पीडोमीटर ६० दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात ६५ च्या वर धावते, पिकअप मंदावतो, ब्रेकवर भार वाढतो, वळणावर टायर मडगार्डला घासतो. आणि किलोमीटरचा आकडा कमी पडू लागल्यामुळे मालक "मायलेज पडले" म्हणून इंजिन खोलायला निघतो! १३ इंची रिमच हवी असेल तर १५५/६५ आर १३ चा व्यास सुमारे ५३२ येतो, आणि तेथे हौस व हिशेब दोन्ही जुळतात.

किरकोळ गैरसमजांना एकेक ओळ पुरे. काचेला काळी फिल्म थोडीशी चालते, असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजीच फिल्म लावण्यास मनाई केली असून, मूळ काचेतूनच पुढे-मागे ७० व बाजूने ५० टक्के प्रकाश आला पाहिजे. पुढचा लोखंडी गार्ड गाडी वाचवितो हे खरे मानले तरी तो धक्का सरळ चासीला पोहोचवितो, आणि २०१७ पासून केंद्राने त्याविरुद्ध कारवाईच्या सूचना दिल्या आहेत. ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० चा बल्ब रिले न घालता बसविला की उजेडाआधी होल्डर वितळतो. जाड ऑइल घातल्याने झिजलेल्या इंजिनचा आवाज दबतो, झीज भरून येत नाही. वीस-पंचवीस वर्षांची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदविता येत नाही. त्यासाठी पन्नास वर्षे लागतात. दिल्लीची दहा वर्षांची डिझेल गाडी स्वस्त दिसते ती ना हरकत दाखला, येथील कर आणि नव्या नोंदणीचा खर्च मिळविण्यापूर्वी.

आणि बुडाला काळे अँटी-रस्ट कोटिंग मारून घेतले की गंजाची चिंता मिटते, हा समज तर विशेषतः कोकणातून आलेल्या गाड्यांच्या बाबतीत घातक आहे, कारण गंजलेल्या पत्र्यावर मारलेला थर ओल आत कोंडून ठेवतो आणि सडणे डोळ्यांआड चालू राहते. खरेदीपूर्वी पायाखालची मॅट उचलून पत्रा अंगठ्याने दाबून पाहावा, दाराची खालची कड आणि पुढच्या शॉकॲब्जॉर्बरचे वरचे बैठक-पत्रे तपासावेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या मोटारीचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग मिळतो, पण सांगाड्याचा सडलेला पत्रा कापून नवा जोडण्याचे काम बेताच्या खर्चात बसत नाही, आणि अशी गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी सोडून द्यावी.