बॅगा आदल्या दिवशी, माणसं दुसऱ्या दिवशी

टोकियो ते शिन-ओसाका हे अंतर ५१५ किलोमीटर. आपल्याकडच्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग ५०८ किलोमीटरचा, आणि त्यामागचं तंत्रज्ञानही जपानच्या बुलेट ट्रेनचं, म्हणजे शिंकान्सेनचंच. जपाननं जे १ ऑक्टोबर १९६४ रोजी, टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर सुरू केलं, ते ठाणे-विरार-बोईसरला कधी पोचतं याची वाट आपण अजून पाहतो आहोत. ज्यांना तेवढा धीर नाही ते थेट जपान गाठतात, आणि हल्ली एकटेदुकटे जात नाहीत. आजी-आजोबा, दोघा भावंडांची कुटुंबं, शिवाय कॉलेजातला एखादा मित्र सहकुटुंब, असा आठ-दहा जणांचा गोतावळा निघतो. गाडीच्या वेगाचं कौतुक निघण्याआधीच सुरू झालेलं असतं. पण ही गाडी क्योटोला जेमतेम दीड-दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात दहा माणसं आणि दहा मोठ्या बॅगा खाली उतरवायच्या आहेत, याचा विचार फार थोड्यांनी केलेला असतो.

म्हणून सुरुवात बॅगांपासूनच करायला हवी. टोकियोहून ओसाका, हिरोशिमा आणि पुढे फुकुओकाकडे जाणाऱ्या शिंकान्सेनमध्ये २०२० सालापासून एक नियम आहे. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरली, तर डब्याच्या टोकाला सामानाची जागा असलेली सीट आधी आरक्षित करावी लागते. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, मात्र आरक्षण न करता बॅग आणली तर १,००० येन भरावे लागतात. विमानात चालणारी आपली मोठी बॅग या मापात बहुधा थोडक्यात बसते. नियमातून सुटलात, पण तेवीस किलोची ती बॅग डोक्यावरच्या फळीवर चढवणार कोण? आजोबा नक्कीच नाहीत.

जपानी माणसानं यावर केव्हाच उपाय शोधलेला आहे. त्याला म्हणतात ताक्युबिन, म्हणजे घरपोच सामानसेवा. यामातो कंपनीनं ती १९७६मध्ये सुरू केली. पिल्लाला तोंडात धरून नेणारी काळी मांजर हे तिचं चिन्ह जपानभर दिसतं. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, पुढच्या हॉटेलचा पत्ता लिहायचा. टोकियोहून दिलेली बॅग सहसा दुसऱ्या दिवशी क्योटोत पोचते. मापानुसार एका बॅगेला दोन-तीन हजार येन पडतात. दहा बॅगांचा हिशेब ऐकून खर्च सांभाळणारा माणूस कुरकुरेल, त्याला कुरकुरू द्या. एका रात्रीचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट तेवढे पाठीवरच्या पिशवीत ठेवायचे. ज्येष्ठ माणसं सोबत असतील तर या सेवेइतका वसूल होणारा खर्च जपानात दुसरा नाही, असं माझं मत आहे.

पाससाठी मात्र मी तितक्या सहज पैसे काढणार नाही. जपानला जाऊन आलेला प्रत्येक नातेवाईक ‘आधी जेआर पास घ्या’ असं सांगतो, म्हणजे ठरावीक दिवस जपानी रेल्वेनं हवं तितकं फिरू देणारा पास. त्याचा सल्ला त्याच्या काळापुरता बरोबर होता. ऑक्टोबर २०२३मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला. टोकियो-क्योटो या प्रवासाचं आरक्षित तिकीट साधारण १४,००० येनचं आहे, म्हणजे जाऊन-येऊन २८,०००. नेहमीचा टोकियो-क्योटो-ओसाका दौरा असेल तर या पासात सरळ तोटा आहे. वर, सर्वांत वेगवान अशा नोझोमी गाडीला पासधारकांनाही जादा पैसे भरावे लागतात. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मं भाडं लागतं. त्याहून लहान मुलं मोठ्यांबरोबर फुकट जातात, पण त्यांना स्वतंत्र आरक्षित जागा हवी असेल तर निम्मं तिकीट काढावंच लागतं. चार वर्षांचं मूल सव्वादोन तास मांडीवर बसेल या भ्रमात राहू नका.

कागदी तिकिटं हातात बहुधा दोन येतात, एक प्रवासाचं आणि दुसरं जलद गाडीच्या अधिभाराचं. फाटकाच्या यंत्रात दोन्ही एकदम घालायची आणि पलीकडून आठवणीनं उचलायची, कारण बाहेर पडतानाही ती लागतात. इथे एक सूचना. सगळ्यांची तिकिटं एकाच्या खिशात ठेवण्याची आपली पद्धत तिथे चालत नाही. प्रत्येकाला फाटकातून आपल्या तिकिटावरच जावं लागतं. आजीचं तिकीट आजीच्या हातात हवं.

आता बसायचं कसं ते पाहू. साध्या डब्यात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या असतात. पाच जणांचं कुटुंब एका ओळीत मावतं. खुर्च्या फिरवता येतात, त्यामुळे तिघांची रांग उलटी केली की सहा जण समोरासमोर बसतात. दोनांच्या बाजूची खिडकी म्हणजे ‘ई’ सीट. फुजी पर्वत त्याच बाजूला दिसतो, जातानाही आणि येतानाही. टोकियो सोडल्यावर पाऊण तासाच्या आसपास, शिन-फुजी स्थानकाजवळ तो समोर येतो. हवा स्वच्छ असली तर. हिवाळ्यात शक्यता चांगली, पावसाळी दिवसांत त्याचा भरवसा नाही. दहाच्या दहा जणांनी एकाच ठिकाणी बसायचा हट्ट मात्र सोडलेला बरा. दोन कुटुंबं दोन डब्यांत बसली तरी क्योटोच्या फलाटावर एकाच वेळी उतरतात.

एकत्र बसलात तर भेंड्या मनातल्या मनात खेळा. डब्यात गप्पांना बंदी नाही, पण आवाज खालच्या पट्टीत असतो आणि फोन आला तर माणसं उठून दाराजवळच्या मोकळ्या जागेत जातात. खाण्याला मात्र पूर्ण मुभा आहे. किंबहुना स्थानकावरचा एकिबेन डबा विकत घेऊन गाडीत उघडणं हा जपानी प्रवासाचा अर्धा आनंद आहे. शाकाहारी मंडळींनी जपून राहावं, कारण वरकरणी भाजीचा वाटणारा पदार्थही बोनिटो माशाच्या पाण्यात शिजलेला असू शकतो. आंबट उमेबोशी भरलेला भाताचा ओनिगिरी त्यातल्या त्यात बरा. घरून आणलेल्या दशम्या आणि चटणी काढली तर कुणी वळून पाहणार नाही. या मार्गावरच्या नोझोमी आणि हिकारी या गाड्यांत डब्याडब्यातून फिरणारी विक्रीची गाडी २०२३च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली, तेव्हा पाणीसुद्धा चढण्याआधी घ्या.

जवळच्या शहरांसाठी बुलेट ट्रेनचा अट्टहास नको. क्योटो ते ओसाका साधी जलद लोकल अर्ध्या तासात नेते, तीही कितीतरी स्वस्तात. हिरोशिमाला जाताना वाटेत ओकायामाला उतरण्याची शिफारस मी पुणेकरांना खास करीन. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर बांधलं, ती मूळ बाग तिथे आहे.

तरुण मित्रांचा घोळका असेल तर त्यांना कुणीतरी ‘सेइशुन १८’ तिकिटाबद्दल सांगितलेलं असतं. फक्त साध्या गाड्यांना चालणाऱ्या त्या एका तिकिटावर पूर्वी पाच मित्र एक दिवस एकत्र फिरू शकत. २०२४च्या हिवाळ्यापासून ते एकाच माणसाला सलग दिवस वापरावं लागतं, त्यामुळे घोळक्यासाठी त्यातली गंमत संपली.

शेवटी तारखांचं. आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी लागते तेव्हाच जपानात २९ एप्रिल ते ५ मेच्या सुमारास ‘गोल्डन वीक’ असतो आणि अख्खा देश बाहेर पडतो. त्या दिवसांत नोझोमीत अनारक्षित डबेच नसतात. तेव्हा शक्य असेल तर ५ मेनंतर निघा, किंवा दिवाळीची सुट्टी थोडी पुढे ढकलून नोव्हेंबरच्या उत्तरार्धात क्योटोची लाल पानं पाहा. शिंकान्सेनची आरक्षणं सहसा प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी, जपानी वेळेनुसार सकाळी दहाला खुली होतात. आपल्याकडे तेव्हा साडेसहा वाजलेले असतात.