लाल बावटा कलापथक

लाल बावटा कलापथक हे मुंबईच्या कामगार चळवळीतून उभे राहिलेले शाहिरी पथक होते. शाहीर अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये त्याची स्थापना केली. पोवाडा, लावणी व तमाशा या लोककलांना राजकीय आशय देण्याचे श्रेय या पथकाकडे जाते.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फॅसिझमविरोधी लेखक-कलावंत जगभर श्रमिकांपर्यंत पोहोचण्याचे मार्ग शोधत होते. जर्मनीत हान्स आइस्लर या संगीतकाराने आपले गुरू शोनबर्ग यांची नवसंगीताची वाट सोडून कामगारांसाठी गाणी रचली होती. १९३३ मध्ये नाझी सत्ता येताच त्याला देश सोडावा लागला. मराठी शाहिरांपुढचा प्रश्न उलटा होता. डफ, तुणतुणे व ढोलकी श्रोत्यांच्या ओळखीची होतीच. बदलायचा होता तो आशय. अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडच्या लढ्यावर आणि बंगालच्या दुष्काळावर पोवाडे रचले.

तमाशाच्या रचनेतील बदल

पारंपरिक तमाशा गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमाने रंगतो. अण्णाभाऊंनी गणातील गणेशवंदनेच्या जागी मातृभूमी व हुतात्म्यांना वंदन आणले आणि गवळण वगळली. वगात राजा-राणीऐवजी सावकार, शेतकरी, गिरणीमालक व कामगार आले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’ आणि ‘शेटजींचे इलेक्शन’ ही त्यांची गाजलेली वगनाट्ये होत.

बंदी आणि लोकनाट्य

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. अण्णाभाऊंच्या ‘माझी मुंबई’ या वगनाट्यावरही बंदी आली. तेव्हा हे प्रयोग ‘लोकनाट्य’ या नावाने होऊ लागले. बंदीतून वाट काढण्यासाठी स्वीकारलेले हे नाव पुढे मराठी रंगभूमीवर रूढ झाले.

संयुक्त महाराष्ट्र चळवळ

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांच्या आवाजाने सभा भरत. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड याच काळातील. गावी राहिलेल्या पत्नीच्या विरहातून तिने बेळगाव, कारवार व निपाणी यांच्या ताटातुटीचे दुःख मांडले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तरी हा भाग राज्याबाहेरच राहिला. अण्णाभाऊ साठे यांचे १८ जुलै १९६९ रोजी, तर अमर शेख यांचे त्याच वर्षी २९ ऑगस्ट रोजी निधन झाले.