अहवालाचा लेखक आणि अहवालाचा वाचक : संगणकीय आवृत्त्यांच्या सुसंगततेचा विचार

डेटाबेसमध्ये साठविलेल्या नोंदींवरून एखादी यादी किंवा तक्ता छापून निघतो, तेव्हा त्या कामी दोन भिन्न यंत्रणा राबत असतात. अहवालाचा आराखडा ज्या साधनाने तयार होतो ते साधन ही पहिली. आणि तो आराखडा वाचून, त्यात नोंदी भरून अहवाल सिद्ध करणारा रिपोर्ट सर्व्हर ही दुसरी. पहिलीस लेखक व दुसरीस वाचक म्हणावयास हरकत नाही. या दोहोंच्या आवृत्त्या जुळल्या नाहीत तर काय घडते आणि ते तसेच का घडते, हे विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय वरवर पाहता तांत्रिक आहे. परंतु त्याचे मूळ लेखन आणि वाचन यांच्या परस्परसंबंधात असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकाने त्याकडे लक्ष देणे अप्रस्तुत ठरू नये.

उदाहरणादाखल मायक्रोसॉफ्टची ‘एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेस’ ही यंत्रणा घेऊ. ती प्रथम 2004 साली प्रसिद्ध झाली. हिच्यातील अहवालाचा आराखडा म्हणजे एक्सएमएल पद्धतीने लिहिलेली मजकुराची फाइल असते, आणि आपण कोणत्या सालच्या नियमांनुसार लिहिलो गेलो आहोत हे त्या फाइलीच्या आरंभीच नमूद असते. या नियमांना आपण आराखड्याचे व्याकरण म्हणू. 2003, 2005, 2008, 2010 आणि 2016 अशा सालांची व्याकरणे प्रचारात आली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी, ती ही की, सर्व्हरच्या नावातील साल आणि व्याकरणाचे साल एकच असते असे नाही. 2012 आणि 2014 या दोन्ही आवृत्त्यांचे सर्व्हर 2010 सालचेच व्याकरण वापरीत. म्हणून सुसंगततेचा निर्णय नावावरून न करता फाइलीच्या आरंभीची नोंद पाहून करणे श्रेयस्कर.

या व्यवस्थेचा मुख्य नियम असा की, नवा सर्व्हर जुना आराखडा वाचू शकतो. जुना सर्व्हर मात्र नवा आराखडा वाचू शकत नाही. समजा, सोलापूरच्या सात रस्ता भागातील एखाद्या कार्यालयात आराखडे करणाराकडे 2016 नंतरचे साधन आले, परंतु सर्व्हर 2014 सालच्या आवृत्तीचाच राहिला. वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला एक आराखडा त्याने नव्या साधनात उघडला, शीर्षकातील एक शब्द दुरुस्त केला आणि जतन केला. दुरुस्ती एका शब्दाची. पण फाइलीचे व्याकरण मात्र 2016 चे झाले. सर्व्हर ती आता नाकारतो. करणाराला वाटते की आपली दुरुस्ती चुकली. वस्तुतः दुरुस्ती निर्दोष असून बदललेली आहे ती लिहिण्याची पद्धती.

हा नियम एकदिशच का असावा? 1962 साली महाराष्ट्र शासनाने मान्य केलेले मराठी शुद्धलेखनाचे नियम येथे उपयोगी पडतील. त्यांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गाळले. आजचा वाचक ‘नाहीं’, ‘येथें’, ‘घरें’ हे जुने लेखन विनासायास वाचतो. अधिकचे टिंब त्याला अडवीत नाही. याउलट, आजच्या मजकुरावर ते टिंब पुन्हा द्यावयाचे झाल्यास प्रत्येक शब्दाचे लिंग, वचन व विभक्ती ठाऊक असावी लागते. ती माहिती कागदावर उरलेली नसते. जुन्याकडून नव्याकडे येण्याची वाट सोपी आणि उलट जाण्याची अवघड, याचे कारण हे आहे.

आराखड्यांतही हेच घडले आहे. 2005 च्या व्याकरणात साधा तक्ता आणि आडव्या-उभ्या गटांचा तक्ता हे दोन निरनिराळे घटक होते. 2008 मध्ये त्या दोहोंना, आणि त्यांच्यासोबत सूचीलाही, सामावून घेणारा ‘टॅब्लिक्स’ हा एकच घटक आला. जुन्या दोहोंपैकी कोणत्याही घटकाचे रूपांतर टॅब्लिक्समध्ये करता येते. परंतु दोहोंचे गुण एकत्र असलेला टॅब्लिक्स जुन्या सर्व्हरपुढे ठेवला, तर तो कोणत्या घटकात घालावा याला उत्तर नाही. म्हणून नाकारणे हेच सर्व्हरच्या दृष्टीने प्रामाणिकपणाचे असते.

यावर उपायही योजलेला आहे. आराखड्याच्या प्रकल्पात ‘लक्ष्य सर्व्हरची आवृत्ती’ नोंदविण्याची सोय नव्या साधनांत असते. ती नोंद केल्यास साधन त्या सर्व्हरला समजेल अशा व्याकरणात प्रत सिद्ध करते आणि जे जुन्या व्याकरणात बसत नाही ते सूचना देऊन वगळते.

आतापर्यंत पाहिलेला दोष त्रासदायक खरा, पण तो उघड असतो. सर्व्हर नकार देतो आणि काम थांबते. याहून घातक असा दुसरा दोष आहे, आणि तो मराठीला विशेष भोवतो. यात आराखडा स्वीकारला जातो, अहवाल निघतो, परंतु त्यातील मजकूर किंवा आकडा चुकलेला असतो.

मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग; ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणारांना. हा भेद रफार आणि आडवा अर्धा र यांवर अवलंबून आहे. युनिकोडमध्ये हा आडवा र दोन रीतींनी लिहिता येतो. 1991 च्या ‘इस्की’ या भारतीय मानकाला अनुसरून ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरास हलन्त जोडणे ही एक रीत. साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह ठेवणे ही दुसरी, ती युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून मानकात कायम ठेवलेली आहे. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात. संगणकाच्या लेखी ती भिन्न संकेतमाला आहेत. युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एकरूप करीत नाही.

याचा परिणाम पाहा. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तेथील एखाद्या डेटाबेसात ‘वारकऱ्यांची सोय’ या शीर्षाखाली 100 नोंदी आहेत असे समजू. त्यांपैकी 60 एका रीतीने आणि 40 दुसऱ्या रीतीने टंकलिखित झाल्या. संकेतास संकेत ताडून पाहणारा अहवाल एकाच नावाच्या दोन ओळी दाखवील. आणि शोध एकाच रूपाने घेतला, तर 40 नोंदी मुकाट्याने गळतील. या 40 नोंदी माणसांच्या असतील तर यादीतून माणसेच गळतील. शिवाय माहितीची साफसफाई करताना न दिसणारी चिन्हे काढून टाकली, तर दुसऱ्या रीतीच्या नोंदींत ‘शेतकऱ्यांचा’ याचे ‘शेतकर्यांचा’ होते.

‘ॲ’ या अक्षराची गोष्ट अशीच आहे. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान 2008 साली, 5.1 या आवृत्तीत मिळाले. तत्पूर्वी ‘अ’वर अर्धचंद्र देऊन ते लिहीत. त्यामुळे ‘ॲड’ने आरंभ होणाऱ्या नोंदींतही दोन पिढ्यांचे संकेत एकत्र नांदतात, आणि जुन्या टंकसंचात नव्या अक्षराच्या जागी रिकामी चौकट दिसते. आराखडा करणाराच्या पडद्यावर सर्व ठीक असते. पण सर्व्हरकडून निघणारी पीडीएफ प्रत सर्व्हरवरील टंकसंचावर अवलंबून असते.

या विवेचनावरून काही व्यवहार्य सूत्रे निघतात. आवृत्ती बदलताना प्रथम सर्व्हर बदलावा, नंतर आराखड्याचे साधन. जुना आराखडा नव्या साधनात उघडण्यापूर्वी त्याची मूळ प्रत वेगळी ठेवावी. आडव्या र ची एकच रीत ठरवून नोंदी साठवितानाच ती लागू करावी. आणि ‘दर्या, दऱ्या, वारकऱ्यांची, तऱ्हा, ॲड’ अशा शब्दांचा छोटा नमुना-अहवाल प्रत्येक बदलानंतर सर्व्हरवरून छापून, तसाच शोधूनही पाहावा.

ही खबरदारी घेण्यास सध्याचा काळ विशेष कारण आहे. 2022 ची आवृत्ती ही रिपोर्टिंग सर्व्हिसेसची अखेरची ठरली; एसक्यूएल सर्व्हर 2025 पासून तिची जागा ‘पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हर’ने घेतली आहे. त्याच्या नव्या आवृत्त्या सामान्यतः वर्षातून तीनदा निघतात आणि पॉवर बीआयचे अहवाल करण्यासाठी सर्व्हरच्या आवृत्तीशी जुळणारेच डेस्कटॉप साधन वापरावे लागते. अर्थात जुळणीचा प्रश्न यापुढे अधिक वेळा उपस्थित होणार. त्यांतील उघड नकार तंत्रज्ञ निस्तरतील. परंतु मुकाट्याने गळणारी नोंद ओळखण्यास मराठी जाणणारी व्यक्तीच हवी, आणि ते काम आपल्या विभागांनी परके मानू नये.