छावणीच्या मैदानापासून सॉग्रासपर्यंत

सन १८२९ मध्ये कलकत्त्यास स्थापन झालेला गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना क्लब गणला जातो. आणि तरीही १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन ओपन स्पर्धेचे अजिंक्यपद एखाद्या भारतीय व्यावसायिक खेळाडूच्या पदरी पडण्यास १९९१ साल उजाडावे लागले, या एका गोष्टीवरून हा खेळ आपल्या देशात किती दीर्घकाळ मूठभर मंडळींच्या वहिवाटीत राहिला याची कल्पना यावी. मध्यंतरी १९६५ मध्ये बिलू सेठी यांनी ती स्पर्धा जिंकली होती खरी, पण ते हौशी खेळाडू होते. १९९१ चा विजेता अली शेर हा मात्र दिल्लीच्या क्लबात इतरांच्या काठ्यांची पिशवी वाहता वाहता खेळ शिकलेला कॅडी होता, आणि दोन वर्षांनी तीच स्पर्धा पुन्हा जिंकून आपले यश योगायोगाचे नव्हते हे त्याने सिद्ध केले.

नाशकासही या खेळाची जुनी ओळख आहे. सातपूरहून त्र्यंबक रस्त्याने शहरात शिरताना लागणारे जे विस्तीर्ण मैदान सर्वांच्या तोंडी आजही ‘गोल्फ क्लब’ म्हणूनच आहे, त्याचे सरकारदप्तरी नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे असून, १९०९ च्या डिसेंबरात कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडून पुढे फासावर गेलेल्या त्या तरुणाचे स्मरण तेथे जतन झाले आहे. आज तेथे रणजी सामने होतात आणि सकाळी शेकडो माणसे फिरायला येतात. काही निवडक लोकांसाठी राखलेली जमीन सर्वांची झाली याचा मला मनापासून आनंद वाटतो. तथापि त्यामुळेच, गोल्फमध्ये नाव काढू इच्छिणारा मुलगा आपल्याकडे कोणत्या घरातून निघणार, हा प्रश्नही उभा राहतो. क्लबाच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या राबणारी कुटुंबे, धनिकांची घरे आणि लष्करी छावण्या यांखेरीज त्या हिरवळीशी लहान वयात संबंध येण्याचा मार्ग आजवर फारसा कोणास लाभलेला नाही.

गोल्फपटू अनिर्बान लाहिरी हा अशा छावण्यांतून आला. त्याचा जन्म २९ जून १९८७ रोजी पुण्यास झाला; वडील लष्कराच्या वैद्यकीय सेवेत असल्याने बदल्यांबरोबर गावे बदलत गेली, पण प्रत्येक छावणीत बहुधा एक गोल्फचे मैदान असेच, आणि वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास वडिलांच्याच हाताखाली त्याने काठी धरली. घर बंगाली, जन्मभूमी महाराष्ट्र आणि पुढची जडणघडण बंगळुरास प्रशिक्षक विजय दिवेचा यांच्या नजरेखाली, असा हा त्रिवेणी योग आहे. २००६ च्या दोहा आशियाई क्रीडास्पर्धेत सांघिक रौप्यपदक मिळविणाऱ्या भारतीय चमूत तो होता, आणि त्याच चमूत चिन्नस्वामी मुनियप्पा हा कॅडी म्हणून खेळ शिकलेला तरुणही होता, ज्याने पुढे २००९ मध्ये इंडियन ओपन जिंकली. छावणीतील डॉक्टरांचा मुलगा आणि क्लबात पिशव्या वाहिलेला मुलगा हे एकाच पदकाचे धनी झाले, ही घटना मला त्या पदकाहूनही मोलाची वाटते.

२००७ मध्ये लाहिरीने हौशी खेळाडूचा दर्जा सोडून व्यवसाय म्हणून हा खेळ पत्करला. ही पायरी बाहेरून दिसते तितकी सोपी नसते. हौशी खेळाडूस तेव्हा बक्षिसाची रक्कम स्वीकारण्याची मुभा नसे, पण त्याच्या पोटाची चिंता बहुधा घर वाहत असे. व्यावसायिकाने मात्र चार दिवसांच्या आणि ७२ होलच्या स्पर्धेत पहिल्या दोन दिवसांअखेर ‘कट’ पार केला नाही, तर प्रवासखर्च, मुक्काम आणि कॅडीची बिदागी पदरची भरून त्याला रिकाम्या हाताने परतावे लागते. जमाखर्चाची ही वही दर आठवड्यास नव्याने उघडते. देशांतर्गत स्पर्धांतून हळूहळू वर येत लाहिरीने २०११ मध्ये पॅनासॉनिक ओपन जिंकून आशियाई टूरवरील पहिले विजेतेपद मिळविले, आणि २०१२ व २०१३ मध्ये सेल-एसबीआय ओपन लागोपाठ जिंकली. परंतु या तिन्ही स्पर्धा दिल्ली गोल्फ क्लबच्या अरुंद, झाडाझुडपांनी वेढलेल्या मैदानावरच्या होत्या, आणि तो घरच्या अंगणातच जिंकतो अशी कुजबुज त्यामुळे सुरू झाली. तिला उत्तर मिळाले ते २०१४ मध्ये, जकार्ता येथील इंडोनेशियन मास्टर्स स्पर्धेत अखेरच्या होलवर ईगल (ठरीव फटक्यांहून दोन कमी) साधून त्याने विजय मिळविला तेव्हा. त्याच वर्षी मकाव येथेही तो जिंकला.

२०१५ चा फेब्रुवारी महिना हा या कारकिर्दीचा मध्यान्ह म्हणावा लागेल. क्वालालंपूर येथील मलेशियन ओपनमध्ये तिसऱ्या दिवशी अवघ्या ६२ फटक्यांत फेरी संपवूनही शेवटच्या दिवसाच्या आरंभी ऑस्ट्रियाचा बर्न्ड वीसबर्गर त्याच्या पाच फटके पुढे होता. दिवस मावळला तेव्हा लाहिरी एका फटक्याने विजयी ठरला, आणि ती स्पर्धा युरोपीय टूरशीही संलग्न असल्याने त्या टूरचे दरवाजेही त्याला उघडले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २२ फेब्रुवारीस, दिल्लीत इंडियन ओपनच्या शेवटच्या फेरीस तो शिव शंकर प्रसाद चौरसियाच्या सात फटके मागे होता. हा चौरसिया रॉयल कलकत्ता क्लबात हिरवळीची निगा राखणाऱ्या कामगाराचा मुलगा. त्या दिवशी त्याचा खेळ ढासळला, दोघे बरोबरीत आले, आणि प्ले-ऑफच्या पहिल्याच होलवर बर्डी (ठरीव फटक्यांहून एक कमी) साधून लाहिरीने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. चौरसियाने २०१६ आणि २०१७ मध्ये तीच स्पर्धा लागोपाठ जिंकून त्या दुःखाची भरपाई केली, हे येथे नोंदविल्यावाचून पुढे जाववत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील व्हिसलिंग स्ट्रेट्स येथे पीजीए अजिंक्यपद स्पर्धेत तो संयुक्त पाचवा आला. जीव मिल्खा सिंग याने २००८ मध्ये याच स्पर्धेत संयुक्त नववे स्थान मिळविले होते. चार महत्तम स्पर्धांपैकी एखादीत भारतीयाने गाठलेली जीवची ती पायरी तोवरची सर्वोच्च होती. वर्षाअखेर आशियाई टूरच्या गुणानुक्रमात प्रथम स्थानही लाहिरीकडे आले.

आणि तरीही २०१५ म्हटले की मला प्रथम आठवतो तो ऑक्टोबर महिना. कोरियातील इंचॉन येथे अमेरिका आणि युरोपेतर जग यांच्यातील प्रेसिडेंट्स कप सामन्यासाठी निवडला गेलेला तो पहिला भारतीय. शेवटच्या दिवशी ख्रिस कर्कविरुद्धची त्याची लढत अठराव्या होलपर्यंत बरोबरीत आली. लाहिरीचा चेंडू होलपासून जेमतेम चार फुटांवर, कर्कचा त्याहून बराच दूर. कर्कने आपला दूरचा पट (चेंडू होलकडे घरंगळविण्याचा हलका फटका) घातला. लाहिरीचा जवळचा पट कडेला लागून बाहेर आला. अमेरिकेने तो सामना साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा अशा एका गुणाच्या फरकाने जिंकला, आणि कोट्यवधी प्रेक्षकांपुढे हरलेल्या त्या लढतीचे ओझे एका तरुणाच्या खांद्यावर येऊन पडले. त्यानंतर त्याने कोणावर खापर फोडले नाही, मैदानास वा नशिबास बोल लावला नाही, आणि २०१७ मध्ये त्याच सामन्यासाठी तो पुन्हा निवडला गेला.

हे बळ कोठून आले असावे? लाहिरी हा विपश्यनेचा साधक आहे, आणि मुलाखतींतून त्याने ते मोकळेपणाने सांगितले आहे. सत्यनारायण गोएंका यांनी १९७६ मध्ये इगतपुरीस स्थापन केलेले धम्मगिरी हे या साधनेचे मोठे केंद्र आमच्याच जिल्ह्यात असून, सातपुरात शिवाजीनगरला जलशुद्धीकरण केंद्रासमोर ‘धम्मनासिका’ हे त्याचे धाकटे भावंडही आहे. औद्योगिक वसाहतीतील तीन पाळ्यांच्या भोंग्यांपासून ते काही फार लांब नाही. दहा दिवस मौन, प्रथम केवळ येत्याजात्या श्वासाचे निरीक्षण, मग शरीरभर उठणाऱ्या संवेदनांकडे ओढ वा तिटकारा न बाळगता पाहणे, असा तेथील क्रम असतो. ज्या खेळात साडेचार तासांच्या फेरीपैकी प्रत्यक्ष फटका मारण्यात काही मिनिटेच जातात, आणि उरलेला सारा वेळ मागच्या फटक्याच्या पश्चात्तापात किंवा पुढच्याच्या धास्तीत सहज नासू शकतो, त्या खेळास याहून योग्य शिक्षण मला तरी सुचत नाही. लाहिरीच्या यशाचे श्रेय त्याच्या लांब फटक्यांना देण्याची प्रथा आहे, आणि व्हिसलिंग स्ट्रेट्सच्या त्याच आठवड्यात सर्वांत लांब फटक्याची चढाओढ त्याने ३२७ यार्डांनी जिंकली होती हेही खरे. परंतु त्याच्या कारकिर्दीचा खरा कणा ही समता आहे असे माझे ठाम मत आहे.

कारण यानंतरची वर्षे कसोटी पाहणारीच होती. अमेरिकेच्या पीजीए टूरवर तो स्थिरावला, रिओ आणि टोकियो या दोन ऑलिंपिकमध्ये देशातर्फे खेळला, पण विजय हुलकावणी देत राहिला. टोकियोत तो ४२ वा आला. त्याच स्पर्धेत पुण्याचा उदयन माने आयत्या वेळी मिळालेल्या प्रवेशाच्या बळावर उतरून ५६ वा आला, याचे मराठी वृत्तपत्रांनी करावे तितके कौतुक केले नाही. मार्च २०२२ मध्ये फ्लॉरिडातील सॉग्रास येथे प्लेयर्स चॅम्पियनशिपवर पावसाने अशी आपत्ती आणली की स्पर्धा सोमवारी संपली. तीन फेऱ्यांअखेर लाहिरी आघाडीवर होता, आठव्या होलवर दोन फटके गमावूनही तो शेवटपर्यंत झुंजला, आणि कॅमेरॉन स्मिथच्या मागे एका फटक्याने दुसरा राहिला. बक्षीस २१ लाख ८० हजार डॉलरचे होते. एखाद्या भारतीय गोल्फपटूने एका आठवड्यात इतके कमावल्याचे मी तोवर ऐकले नव्हते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो सौदी द्रव्याच्या आधारावर उभ्या राहिलेल्या लिव्ह गोल्फमध्ये गेला. तेथे तेव्हा ५४ होल खेळावे लागत, कट नसे, आणि शेवटच्या क्रमांकासही मोबदला मिळे. कटच्या भीतीत वाढलेल्या माणसाने पस्तिशीत कुटुंबाचे स्वास्थ्य निवडले यात दोष काढण्याचा मला अधिकार नाही. पण एक रसिक म्हणून मला त्याची सर्वोत्तम वर्षे जुन्या टूरवरच पाहायची होती, आणि ती खंत अजून आहे. सप्टेंबरात बॉस्टन येथील लिव्हच्या स्पर्धेत तो तिघांच्या प्ले-ऑफमध्ये पोहोचला, आणि डस्टिन जॉन्सनने लांबवरून ईगल घालून ती जिंकली. आशियाई टूरवर सात आणि त्यांपैकी युरोपीय टूरशी संलग्न दोन अशी विजेतेपदे लाहिरीच्या नावावर आहेत; अमेरिकेच्या पीजीए टूरवर विजयी झालेला भारतात जन्मलेला खेळाडू मात्र २०१० मध्ये विंडहॅम चॅम्पियनशिप जिंकणारा आसनसोलचा अर्जुन अटवाल हाच आहे.