संक्रांतीचा निरुपद्रवी पतंग

सूर्यनारायणाचे मकर राशीत संक्रमण झाले की घरोघरी सुगडांची पूजा होते, देवापुढे तीळगूळ ठेवला जातो, सुवासिनी एकमेकींना वाण देतात. या सणाचा सारा उपदेश वाणीच्या माधुर्याचा आहे. त्याच दिवशी मुलेबाळे पतंग घेऊन अंगणात नि गच्चीवर जातात. पौषाच्या थंडीत कोवळे ऊन अंगावर घ्यावे आणि दृष्टी आकाशाकडे लागावी, हे उत्तमच होय.

परंतु त्या पतंगाच्या दोरीने अलीकडे जे रूप धारण केले आहे, ते पाहून कोणाही श्रद्धावंताचे मन विषण्ण व्हावे. नायलॉनचा मांजा सहजासहजी तुटत नाही, कुजत नाही, आणि झाडावर अडकून राहिला की सण सरल्यावरही पाखरांचे पंख कापीत राहतो. दुचाकीवरून जाणाऱ्या निरपराध माणसांचे गळे चिरल्याच्या वार्ता दर संक्रांतीस वाचाव्या लागतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली अशा मांजावर देशभर बंदी घातली. तथापि कायद्याचा हात प्रत्येक गच्चीपर्यंत कसा पोहोचणार? तेथे घरातील वडीलधाऱ्यांचाच शब्द चालला पाहिजे.

आपल्या संतांना पतंग परका नव्हता. शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहिबात श्रीनामदेवरायांची ६१ पदे आहेत. त्यांपैकी रामकली रागातील एका पदात पतंगाचा दृष्टांत आला आहे. पतंग उडविणारा पाच जणांशी बोलत असतो, पण त्याचे लक्ष दोरीवरून ढळत नाही. डोईवर घागर घेतलेल्या स्त्रिया, रानात चरणारी गाय आणि पाळण्यात बाळ ठेवून कामाला लागलेली माता यांचेही दाखले तेथेच आहेत. प्रपंचात वावरताना चित्त भगवंतापाशी कसे असावे, हे महाराजांनी पतंगाच्या दोरीवरून शिकविले. त्या दोरीला काचेची धार लावून दुसऱ्याचा पतंग कापण्यातच आपण धन्यता मानावी काय?

म्हणून यंदा मुलांकडून पेटीच्या आकाराचा पतंग करवून घ्यावा, असे सुचवावेसे वाटते. हा पतंग काटाकाटीचा नव्हे. तो स्थिर उभा राहतो, त्यास शेपूट लागत नाही, आणि साध्या सुती दोऱ्यावर तो उडतो.

साहित्य सारे घरचेच. बांबूच्या ७५ सेंटिमीटर लांबीच्या चार सडसडीत, सारख्या वजनाच्या काड्या तासून घ्याव्यात. पतंगी कागदाच्या २५ सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. प्रत्येकीची लांबी एक मीटर, अधिक चिकटविण्यापुरते दोन सेंटिमीटर. पट्टीची टोके गव्हाच्या पिठाच्या खळीने जोडून वेढे करावेत. चारही काड्या दर २५ सेंटिमीटरवर आतून चिकटवाव्यात; एक वेढा वरच्या टोकाशी, दुसरा खालच्या टोकाशी, मधला तिसरा हिस्सा मोकळा. खळ वाळल्यावर प्रत्येक वेढ्यात सुमारे ३५ सेंटिमीटरच्या दोन आडव्या काड्या फुलीसारख्या ताणून बसवाव्यात. त्यांच्या टोकांना खाचा पाडून त्या उभ्या काड्यांना दोऱ्याने बांधाव्यात. कागद ढोलकीच्या पुडीसारखा ताठ झाला पाहिजे. मग एका उभ्या काडीला, वरच्या वेढ्याच्या खालच्या कडेशी, दोरा बांधावा. ती कड वाऱ्याकडे ठेवून पतंग सोडला की वेढ्यांच्या तिरप्या बाजू त्यास उचलतात आणि डावी-उजवीकडे ढळू देत नाहीत.

यास वारा मात्र जोरकस नि एकसारखा हवा. दापोली तालुक्यातील आमच्या बुरोंडीसारख्या समुद्रकाठच्या गावी तो दुपारी लाभतो. पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. तेव्हा दोरा तुटला तर पतंग पाण्यात जावयाचा. दुपारी खारा वारा सुटला की समुद्राकडे पाठ करून उभे राहावे. विजेच्या तारा आणि माडांची बने टाळून मोकळी पुळण किंवा सडा निवडावा.

हा पतंग ऑस्ट्रेलियातील लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी १८९३ साली सिद्ध केला. १२ नोव्हेंबर १८९४ रोजी अशा चार पतंगांच्या माळेने ते स्वतः सुमारे १६ फूट उंच उचलले गेले. पुढे हवामानशास्त्रज्ञांनी याच पतंगांना उपकरणे बांधून वरच्या वाऱ्यांचा अभ्यास केला, आणि आरंभीच्या विमानांच्या बांधणीतही त्याचा आकार उतरला. विशेष हे की, ज्ञान सर्वांसाठी मोकळे असावे या भावनेने हारग्रेव्ह यांनी आपल्या शोधांचे हक्क राखून ठेवले नाहीत. संक्रांत हे दानाचे पर्व आहे. विद्यादानाचा हा आदर्श या दिवशी मुलांना अवश्य सांगावा.

तेव्हा आजोबांनी काड्या तासाव्यात, आजीने खळ शिजवावी, नातवंडांनी कागद कापावा. पतंग वाळेपर्यंत तीळगूळ वाटून व्हावा. दुपारी सारे घर मिळून तो आकाशी सोडावा, आणि सायंकाळी दोरा गुंडाळून परतताना त्याचा एकही तुकडा पाखरांच्या वाटेत मागे राहू देऊ नये.